उष्टी चांदी

चमचा दातांवर लागला आणि टक् असा आवाज झाला. फार मोठा नव्हे, पेल्याला नख लागावं एवढाच. पण उशाशी उभ्या असलेल्या मुरलीधर पिंपळखुटेला तो स्पष्ट ऐकू आला. त्याच्या बायकोनं, पद्मजानं, नुसते ओठ मिटले नव्हते, दात आवळून धरले होते. गीतांजलीनं पेजेचा चमचा पुन्हा ओठांच्या फटीत सरकवला. पुन्हा टक्. पेज हनुवटीवरून ओघळून गळ्याखालच्या टॉवेलवर आली. "देखो अंकल, खोलती ही नहीं हैं," गीतांजली म्हणाली. ही बाई दोन वर्षं रोज सकाळी आठला अधारतालहून स्कूटीवर येऊन पद्मजाचं सगळं करायची, अंघोळीपासून वेणीपर्यंत. तिच्या आवाजात आज पहिल्यांदाच हार होती. दिवस रविवारचा. शुक्रवारी डॉक्टर विजय नगरच्या या घरी येऊन बघून गेले होते आणि जाताना फाटकापाशी थांबून म्हणाले होते, सोमवारपर्यंत तोंडानं काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. दिवाळीआधी एकदा घातली होती, ती तिनं दोन तासांत ओढून काढली होती. नाकातून रक्त, उशीवर रक्त. म्हणून या वेळी हात बांधून ठेवावे लागतील. मऊ पट्ट्यांनी बांधतात, डॉक्टर म्हणाले, आणि मऊ या शब्दावर त्यांनी जोर दिला. तेव्हापासून मुरलीधरला दुसरं काही सुचत नव्हतं. उद्या सकाळी पद्मजाचे हात बांधणार. त्याच्या हातात आजचा एक दिवस होता.

"आंटी को पहले खाने में क्या पसंद था?" गीतांजलीनं टॉवेल पिळता पिळता विचारलं. साधा प्रश्न, कुणीही उत्तर द्यावं असा. मुरलीधर बोलायला गेला आणि लक्षात आलं की त्याला माहीत नाही. सेहेचाळीस वर्षं तिनं त्याला वाढलं होतं. त्याला काय आवडतं ते तिला ठाऊक होतं, मुलाला, अनुपमला, काय आवडतं तेही. ती स्वतः मागाहून जेवायची, आत, ओट्याशी बसून, आणि तेव्हा तो आपल्या खोलीत असायचा, डोळ्याला भिंग लावून. "सब कुछ," तो म्हणाला. गीतांजलीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि वाटी उचलून आत नेली. कोण्या एका मडमेबद्दल विचारलं असतं तर तो घडाघडा सांगू शकला असता. त्याच्या जुन्या इंग्रजी चांदीच्या संग्रहातला, सूप प्यायचा एक मोठा चमचा उजव्या बाजूनं झिजलेला होता. माणसं उजव्या हातानं खातात, चमच्याची डावी कड बशीला घासत राहते, झिजते ती डावी. हा उजवीकडून झिजला होता, म्हणजे त्या घरात कुणीतरी डावरं होतं. आणि झीज इतकी नाजूक की बाईचाच हात असणार. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या परक्या बाईचा डावरेपणा त्याला कळला होता. कळला तेव्हा केवढा आनंद झाला होता, आणि तो सांगायला तो घरातल्या कुणाकडे गेला नव्हता.

त्याची खोली म्हणजे घराची मागची खोली. त्यात लोखंडी कपाट, कपाटात हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, लावलेले खण, खणात इंग्रजांची चांदी. जेवणाचे काटे, चमचे, सुऱ्या, मोहरीची चटणी वाढायचे इवलेसे डाव, मिठाच्या वाट्या, साखरेचे चिमटे, अंडं खायचा सोन्याचा मुलामा दिलेला चमचा. घरात अंडं कधी शिजलं नाही ते सोडा. जन्मात मासळीचा तुकडा न चाखलेल्या या माणसाकडे मासळीच्या बारा सुऱ्या होत्या. छावणीतल्या बंगल्यांतून निघालेला माल गुरंदीच्या जुन्या बाजारात यायचा, कुलपं, कंदील, फुटक्या किटल्या यांच्या ढिगात. दर रविवारी सायकल काढून मुरलीधर तिथे. काळा पडलेला चमचा उचलायचा, अंगठ्यानं पाठ पुसायची आणि खूण शोधायची. चालता सिंह असला तर चांदी खरी. नांगर असला तर बर्मिंगहॅमची, मुकुट असला तर शेफील्डची, मग वर्षाचं अक्षर. हे सगळं नखाएवढ्या जागेत. सिंह दिसला की छातीत धडधडायचं. शस्त्रांच्या सरकारी फॅक्टरीत तो तपासणीवर होता, तिथेही हेच काम. वस्तू मापात बसते की नाही पाहायचं, नाही बसली तर लाल खडूची फुली. चौतीस वर्षं फुल्या मारल्या त्यानं, आणि एकही फुली चुकली नाही असं लोक म्हणायचे. ही सवय घरी येताना फाटकाबाहेर काढून ठेवता येत नाही, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नाही.

हे सगळं सुरू कुठून झालं, तर वडिलांच्या उपाशी राहण्यातून. ते त्याच फॅक्टरीत नकाशे काढायचे. शेवटचा इंग्रज साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा निरोपाच्या जेवणाला त्यांनाही बोलावणं आलं. टाय उसना आणला होता. परत आले ते हसत, पण हसणं काही खरं नव्हतं. ताटाच्या दोन्ही बाजूंना मिळून अकरा वस्तू मांडल्या होत्या म्हणे, आणि कुठली कशाला ते कळेना, म्हणून त्यांनी कशालाच हात लावला नाही. "पोट बरं नाही म्हणून सांगितलं," ते आईला म्हणाले, आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून शिळी पोळी लोणच्याशी खाल्ली. सहा वर्षांचा मुरलीधर दाराआडून बघत होता. वडिलांची खाली घातलेली मान, भराभर हलणारा जबडा. त्यानं तेव्हाच ठरवलं असेल, किंवा नसेलही. माणूस मागाहून असं काहीतरी रचून घेतो. पण पहिल्या पगारातून पहिला चमचा घेतला हे खरं. अकराच्या अकरा वस्तूंची नावं आणि कामं त्याला आता झोपेतही सांगता आली असती. खाल्लं मात्र त्यानं कशानंच नाही. त्या वस्तू खाण्यासाठी नव्हत्याच. कशासाठी होत्या हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

त्यानं कपाट उघडलं. स्टील दाताला लागतं, थंड असतं, या थंडीत तर जास्तच. चांदी लगेच ऊब धरते. एवढा साधा विचार त्याला इतके दिवस का सुचला नाही? त्यानं अंड्याचा चमचा काढला, कडा गोल आणि गुळगुळीत. स्वतः धुतला, पुसला. "अच्छा है अंकल, ये छोटा है," गीतांजली म्हणाली. तिनं पेज घेतली आणि चमचा आपल्या खालच्या ओठाला टेकवून पाहिला, फार गरम नाही ना म्हणून. मग पद्मजाकडे नेला. दात आवळलेले. मुरलीधरनं मोहरीचा डाव आणला, मग लहान मुलांचा चमचा, मग चहाचा. प्रत्येक वेळी गीतांजली तो ओठाला टेकवायची आणि पुढे करायची, आणि प्रत्येक वेळी पद्मजा मान तेवढीच वळवायची, भिंतीकडे. "पद्मा, काहून नाही खाऊन राहिली तू? दोन घास घे. दोनच." तिनं त्याच्याकडे पाहिलं. ओळख नव्हती. गेली दोन वर्षं ती त्याला भैया म्हणायची, सिलेंडर आणणाऱ्याला म्हणते तशी. आणि दहा दिवसांपूर्वी तेही थांबलं होतं. शेवटचा शब्द तिनं उच्चारला तो "उष्टं". मग बोलणं बंद आणि खाणंही बंद, सलाइनवर दिवस निघत होते. दोन्ही एकाच दिवशी बंद झालं हे मुरलीधरला आत्ता, हातात चौथा चमचा घेऊन उभा असताना लक्षात आलं. त्यानं गीतांजलीच्या खालच्या ओठाकडे पाहिलं. तिथे पेजेचा पांढरा ठिपका होता.

उष्टं. तपासणीवर आयुष्य काढलेल्या माणसाला दहा दिवस ही एवढी गोष्ट दिसली नाही. गीतांजलीचा काय दोष? मायेनंच करायची बिचारी, थंडी वाढल्यापासून पेज कढत असायची, तोंड पोळू नये म्हणून. पण पद्मजा शहपुऱ्याच्या आत्याच्या हाताखाली वाढलेली. तिथे उष्ट्याखरकट्याचा विटाळ असा की पाण्याचं भांडंसुद्धा ओठाला न लावता वरून प्यायचं. सगळं गेलं होतं तिचं. मुलाचं नाव गेलं, नवऱ्याचा चेहरा गेला, स्वतःचं वय गेलं. हे तेवढं राहिलं होतं. मुरलीधरनं गीतांजलीला समजावलं, ती वरमली, "मेरे को पता ही नहीं था अंकल" म्हणत तिनं कान धरले. त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा कोरा चमचा आणला, पद्मजाच्या डोळ्यांदेखत तीनदा धुतला, पेज उंचावरून ओतून गार करून दिली. पण आता उशीर झाला होता. जे जे ओठांशी यायचं ते ते तिच्या लेखी उष्टंच होतं. दुपारी अनुपमचा हैदराबादहून फोन आला. "बाबा, मी सांगून राहिलो नं, तुम्ही रिस्क नका घेऊ. जो डॉक्टर बोल रहे हैं, करने दो. हात बांधना मतलब वैसा बांधना थोड़ी होता है." मुरलीधर हो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, यानं आईच्या तब्येतीचं जे विचारायचं ते सगळं विचारलं, पण आवाज ऐकवा असं म्हटलं नाही. मग आठवलं की ऐकवण्यासारखा आवाज उरलाच नाही.

गीतांजलीनं पद्मजाची चाकाची खुर्ची मागच्या अंगणात उन्हाला आणून लावली आणि शेगडीत कोळसे पेटवले. जानेवारीत इथे चार वाजले की ऊन असूनही हातपाय गारठतात. शेगडी जुनीच, तीन पायांची, एक पाय वाकडा. मुरलीधर त्या शेगडीकडे बघत राहिला. याच अंगणात, याच शेगडीत, चौदा वर्षांपूर्वी. जानेवारीचीच एकतीस तारीख, तो निवृत्त झाला तो दिवस. फॅक्टरीची रीत अशी की निवृत्त होणाऱ्याला हार घालून, वाजतगाजत घरापर्यंत पोचवायचं. जीप दारात थांबली, ढोल वाजत होता, त्याच्या हाताखालच्या योगेंद्र दुबेनं त्याला खांद्याला धरून उतरवलं. आत बैठकीत टेबल मांडलेलं. पांढरी चादर, मध्ये झेंडूची वाटी, आणि ताटांच्या दोन्ही बाजूंना त्याची चांदी, काटे उलटे, चमचे सुलटे, जमेल तसे. पद्मजा नवी साडी नेसून दारात उभी होती. "आज तुमच्या चमच्यांनी जेवायचं," ती म्हणाली. पुरणपोळीला मासळीच्या सुऱ्या मांडणार होती बिचारी. सुऱ्या तेवढ्या अजून यायच्या होत्या, त्या मागे तापत होत्या. म्हणजे? म्हणजे शेगडीत. उष्टं धातूचं भांडं निखाऱ्यांत तापवून घेतलं, वरून तुळशीचं पाणी शिंपडलं की शुद्ध होतं, आत्याची रीत. चमचे-काटे सकाळीच करून झाले होते, त्यांना काही झालं नव्हतं, थोडे काळवंडले एवढंच. पण सुऱ्यांच्या मुठी पोकळ असतात. चांदीचा पातळ पत्रा आणि आत राळ भरलेली. मुरलीधर मागे धावला तेव्हा पहिली मूठ फुटली, मग दुसरी. फट्, फट्. काळी राळ निखाऱ्यांवर गळून धूर झाला आणि पाती सुटून राखेत पडली. बारा सुऱ्यांतली एकही वाचली नाही.

हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं, मुठीत राळ असते म्हणून. तिला सांगावं असं कधी वाटलंच नाही. आणि मग तो ओरडला. ढोलवाले अंगणाच्या तोंडाशी, योगेंद्र हातात हार घेऊन उभा, त्या सगळ्यांसमोर. "अक्कल आहे का तुला? कोणी सांगितलं होतं हात लावायला? शहपुऱ्याच्या चुलीतून बाहेर निघालीच नाहीस तू. पुन्हा त्या खोलीत पाय ठेवायचा नाही, समजलं?" पद्मजाच्या हातात तुळशीच्या पाण्याची पंचपात्री होती. "ते सायबांचे उष्टे होते नं," ती हळू म्हणाली, "तुमच्या तोंडाला कसे लावणार, म्हणून करून घेऊन राहिली होती." त्या वाक्यात केवढं काय होतं हे त्याला तेव्हा ऐकू आलं नाही. सेहेचाळीस वर्षांत तिनं एकदाच त्याच्या वेडात पाऊल टाकलं होतं, आपली किळस गिळून, आपल्याला येत होती त्या एका रीतीनं. त्यानं लाल फुली मारली. त्यानंतर चौदा वर्षं ती खोलीचा उंबरा ओलांडून गेली नाही. केर काढताना उंबऱ्यापर्यंत काढायची. कामवाली आत जाऊ लागली की म्हणायची, "तिथे नको, ते ओरडतात." हे तो आतून ऐकायचा. त्याला वाटायचं, चला, शिस्त लागली.

मुरलीधर उठला. कपाटातून त्यानं तो चमचा काढला, शिंपल्याच्या आकाराचा, आखूड दांड्याचा, डब्यातून चहाची पत्ती काढायचा. दोनशे वर्षांचा. संग्रहातलं सगळ्यांत मोठं रत्न, बघायला भोपाळहून माणसं आली होती. अनुपम सहा महिन्यांचा असताना पद्मजानं तो एकदा बनातीवरून उचलला होता आणि म्हणाली होती, "किती छान आहे हो, याला भात भरवायला होईल." त्यानं तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला होता. अलगद, हे त्याला नीट आठवलं. त्या वेळी ओरडलाही नव्हता. आज तो तिच्यासमोर शेगडीशी उकिडवा बसला, गुडघे करकरले. चिमट्यात चमचा धरून त्यानं निखाऱ्यांत घातला. "अंकल! क्या कर रहे हो?" गीतांजली ओरडली. दोनशे वर्षांच्या हातांनी चढलेला तो मऊ, दुधाळ आब आधी पिवळा पडला, मग जांभळा, मग काळा. ज्याच्यावर त्यानं कधी श्वाससुद्धा जोरात टाकला नव्हता. त्याला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर, आत कुठेतरी एक बारीक, निर्लज्ज आशा उभी राहिली होती: हिला हे आठवेल, हिला हे कळेल, ही तोंड उघडेल, उद्या हात बांधावे लागणार नाहीत. त्यानं चमचा बाहेर काढला, तुळशीवृंदावनातली चार पानं पाण्यात बुडवून वर शिंपडलं. चर्र झालं. चमचा निवू दिला. मग वाटीतली पेज घेतली, ओठाला न लावता, मनगटावर थेंब टाकून पाहिला. कोमट होती.

पद्मजा हे सगळं बघत होती. दहा दिवसांत पहिल्यांदा तिची नजर भिंतीवरून, झाडावरून निघून एका जागी थांबली होती, त्या काळ्या पडलेल्या चमच्यावर. तिच्या कपाळाला आठी पडली. तिचे ओठ हलले. मुरलीधरचा हात पुढे झाला, वीतभर अंतर राहिलं, आणि पद्मजाचं तोंड उघडलं.

"भैया," ती म्हणाली. आवाज खरखरीत, वापर नसलेला. "पटकन पुसून ठेवून द्या ते कपाटात. ते येऊन राहिले असतील फॅक्टरीतून. बघितलं तर ओरडतील."

"अंकल, मुँह खुला है, डालो! डालो ना!" गीतांजली पाठीमागून कुजबुजली.

चमचा हातात होता. पेज होती. तोंड उघडं होतं, खालच्या दोन पडलेल्या दातांची फट, जीभ, सगळं दिसत होतं. हात पुढे गेला नाही. सगळं पुसलं गेलेल्या बाईच्या आत त्यानं खणून पाहिलं होतं, आणि तळाशी काय सापडलं, तर तो स्वतः. तिचा नवरा तिला आठवत होता. चेहरा गेला होता, नाव गेलं होतं, ओरडणं राहिलं होतं. आणि त्या ओरडण्यापासून ती आत्ता कुणा अनोळखी भल्या माणसाला वाचवायला बघत होती.

"नाही ओरडणार," मुरलीधर म्हणाला. "पद्मा, ते नाही ओरडणार आता. कधीच नाही. मी सांगून राहिलो नं. तू खाऊन घे."

पद्मजानं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीतीही नव्हती. बाहेरगावच्या माणसाला रस्ता माहीत नसावा आणि त्याची कीव यावी तसं काहीतरी होतं. तिनं शालीतून हात बाहेर काढला, सुरकुतलेला, हलका, मनगटावर सलाइनच्या सुईची निळी खूण असलेला. उद्या बांधायचा होता तोच हात. त्या हातानं तिनं मुरलीधरच्या मनगटावर दोनदा थोपटलं.

"तुम्हाला नाही माहीत, भैया," ती म्हणाली, आणि तिनं तोंड मिटून घेतलं.